कणगीचं झाकण

डोंगराच्या अलीकडे एक राज्य होतं आणि पलीकडे दुसरं. ही फार पूर्वीची गोष्ट आहे, तेव्हा राज्यांना लांबलचक नावं नसत. अलीकडचे लोक आपल्या राज्याला 'आपलं' म्हणत आणि पलीकडच्याला 'त्यांचं'. पलीकडचेही तसंच म्हणत, फक्त उलट. मध्ये एक खिंड होती आणि खिंडीत चुना फासलेल्या दगडांची रांग होती. हीच सीमा. एरवी तिच्यावर शेळ्या बसून रवंथ करत.

दर दसऱ्याला मात्र त्या दगडांना मान मिळे. अलीकडचा राजा हत्तीवर बसून वाजतगाजत खिंडीत जाई, दगडांपलीकडे तीन पावलं टाकी आणि परत फिरे. सीमोल्लंघनाची रीत होती ती, कुणाचं काही बिघडत नसे. पण कधीकाळी त्या तीन पावलांच्या मागून फौजाही गेल्या होत्या, आणि पलीकडचे ते विसरले नव्हते. त्या दिवशी खिंडीखालच्या त्यांच्या गावात लोक दारं लावून घरात बसत.

अलीकडच्या राजधानीत दोन आळ्या होत्या. वरची आळी उंचवट्यावर होती, तिथे धान्याचे व्यापारी, जमीनदार आणि दरबारातली मोठी माणसं राहत. खालची आळी ओढ्याकाठी होती, तिथे कोष्टी, लोहार, कुंभार आणि मोलमजुरी करणारे. वरच्या आळीत घरं थोडी आणि खोल्या फार. खालच्या आळीत खोल्या थोड्या आणि माणसं फार.

खालच्या आळीच्या अगदी टोकाला बयना नावाची बुरडीण राहत असे. घरात दमेकरी नवरा आणि आई-बाप गेलेली तीन नातवंडं. खाणारी तोंडं पाच आणि कमावणारे हात दोन, तेही तिचेच. दिवसभर ती दारात बसून बांबूच्या कामट्या काढी आणि सुपं, टोपल्या, दुरड्या विणी. पण तिचं खरं काम म्हणजे कणग्या. कणगी म्हणजे धान्य साठवायची उभी, मोठ्या पोटाची बांबूची टोपली. विणून झाली की घरची बाई तिला शेणामातीनं सारवते. दोन्ही आळ्यांतली प्रत्येक कणगी बयनाच्या नाहीतर तिच्या सासूच्या हातची होती.

त्यामुळे कुणाच्या घरात किती धान्य मावतं, हे राजाच्या प्रधानाला ठाऊक नव्हतं तेवढं बयनाला ठाऊक होतं. पण तिच्या सासूनं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बुरडानं कणगीचं पोट बाहेर सांगू नये. सांगितलं की आपला धंदा गेला आणि इमानही गेलं." बयनानं ते चाळीस वर्षं पाळलं होतं.

त्या वर्षी भाद्रपदात टोळधाड आली. पलीकडच्या राज्यातलं उभं पीक दोन दिवसांत फस्त झालं. झाडांना पान उरलं नाही, छपरांचं गवतसुद्धा टोळांनी सोडलं नाही. मग ती धाड खिंडीकडे निघाली. अलीकडचे लोक ताटं-पराती बडवत डोंगरावर धावले. पण ऐन खिंडीत वारा फिरला आणि धाड उत्तरेला निघून गेली. लोक म्हणाले, आमच्या परातींना घाबरले. दरबारातले म्हणाले, आपली सीमाच भक्कम. शेळ्या काही म्हणाल्या नाहीत.

आठ-पंधरा दिवसांनी पलीकडचा दूत आला. दूत म्हणजे कुणी शेल्यापागोट्यातला सरदार नव्हता. एक म्हातारा शेतकरी होता, हातात एक रिकामी टोपली घेऊन आलेला. राजापुढे हात जोडून तो म्हणाला, "महाराज, खायला आम्ही मागत नाही. पुन्हा फुटेल तो पाला खाऊ, कंद उकरून खाऊ. आम्हाला जोंधळ्याचं बियाणं द्या. दसरा उलटताच पेरणीला तिफण धरली तर पीक येईल. त्याच्यापुढे जमिनीत ओल राहत नाही. मग आमची गावं उठतील महाराज, आणि उठलेलं गाव पुन्हा बसत नाही."

राजाला दया आली. पण त्या राज्यात एक जुना कायदा होता. सीमेबाहेर काही पाठवायचं तर घरोघरचा कौल घ्यावा लागे. चौकात दोन रांजण ठेवत, एक 'होय'चा आणि एक 'नाही'चा. प्रत्येक घरच्या मोठ्या माणसानं एका रांजणात एक चिंचोका टाकायचा. ज्यात चिंचोके जास्त, तसं राजानं वागायचं.

प्रधानानं दवंडी पिटवली, "पलीकडच्यांना बियाणं द्यायचं आहे. वरची आळी असो की खालची, घरटी एक पायली जोंधळा. सगळ्यांना एकच माप, म्हणजे कुणाची तक्रार नको."

वरच्या आळीला हे फार आवडलं. नगरशेठ तर चौकातल्या पारावर चढून बोलला. "माणुसकीला सीमा नसते. भुकेला तो आपला. त्या दगडांच्या रांगेपलीकडेही आपलीच भावंडं राहतात." त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. वरच्या आळीनं 'होय'च्या रांजणात टपाटप चिंचोके टाकले आणि मंडळी जेवायला गेली.

मग खालच्या आळीची रांग लागली. बयनाही रांगेत होती. पुढे सरकता सरकता ती मनाशी हिशेब करत होती. नगरशेठाच्या अंगणात चिमण्या टिपतात तेवढी ती पायली. आपल्या घरात मात्र आठ दिवसांची भाकरी. कणगी तळाला लागलेली, नव्या पिकाला अजून अवकाश. सगळ्यांत धाकटी नात भाकरीचा शेवटचा तुकडा मुठीत घेऊन झोपते, तो तिला दिसला.

रांजणांजवळ तो म्हातारा दूत हात जोडून उभा होता. बयनानं त्याच्याकडे पाहिलं नाही. खाली मान घालून तिनं चिंचोका 'नाही'च्या रांजणात टाकला आणि झपाझप घरी आली.

खालच्या आळीत घरं जास्त होती. कौल 'नाही' पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठाणी नवं सूप न्यायला बयनाकडे आली. सूप उलटसुलट करून पाहत ती म्हणाली, "बयना, राग मानू नकोस, पण तुमच्या आळीचं मन फार लहान गं. एका पायलीसाठी माणसं मरायला सोडायची म्हणजे काय? आमच्याकडे तर सगळ्यांनी होय म्हटलं."

बयना मान खाली घालून कामट्या काढत राहिली. शेठाणी सूप घेऊन चढ चढून गेली. शेजारी भात्यापाशी बसलेल्या लोहारानं सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला यांचं काय जातं? पायली तिच्या घरची म्हणजे उंदराचा घास, आणि माझ्या घरची म्हणजे माझ्या पोराबाळांचा. बरोबर केलं आपण."

"बरोबर केलं ना?" बयनानं विचारलं.

"बरोबरच की," लोहार म्हणाला, पण भाता मात्र तो उगाचच जोरजोरात ओढू लागला. भट्टीत लोखंड नव्हतंच.

बयनाला भाकरी गिळेना. शेठाणीचं बोलणं तिला झोंबलं होतं, पण त्याहून जास्त झोंबत होते ते म्हाताऱ्याचे जोडलेले हात. आपण वाईट नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी आपल्या हातून वाईट झालं, हेही तिला ठाऊक होतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते काही तिला कळत नव्हतं.

तेवढ्यात तोच म्हातारा तिच्या दारात आला. टोपलीचा काठ उसवला होता.

"एवढा काठ बांधून दे बाई," तो म्हणाला. "रिकामीच न्यायची आहे, पण धड तरी नेतो."

बयनानं टोपली घेतली. हात चालू झाले तशी तिची जीभही सुटली. "बाबा, मी 'नाही'त टाकला."

"पाहिलं मी."

"मग माझ्याच दारात कसे आलात?"

म्हातारा खाली बसला आणि पडलेल्या कामट्या सरळ करू लागला. "तुझ्या घरी पायलीभरात किती दिवस चूल पेटते?"

"आठ."

"माझ्याही घरी आठच पेटायची. आमच्याकडे तुमचा माणूस असा पायली मागायला आला असता, तर मी कुठल्या रांजणात हात घातला असता, देव जाणे. तुला कशाला बोल लावू? टोळ तुमच्या दगडांना भिऊन थांबला नाही बाई, आणि आम्ही काही पाप केलं म्हणून आला नाही. वारा फिरला, एवढंच."

बयना काठ बांधत राहिली. म्हाताऱ्याला स्वस्थ बसवेना. शेतकऱ्याचा हात, त्याला काहीतरी काम लागतंच. बयनानं नुकतीच विणून संपवलेली एक भली मोठी कणगी ओट्यावर उभी होती. बाजूला झाकणं पडली होती. म्हाताऱ्यानं एक झाकण उचललं आणि तिला मदत म्हणून त्या कणगीवर ठेवलं. झाकण धपकन कणगीच्या आत जाऊन पडलं.

म्हातारा ओशाळला. कालपासून बयना पहिल्यांदाच हसली. "अहो बाबा, ते लहान कणगीचं. कणगी मोठी तर झाकण मोठं, कणगी लहान तर झाकण लहान. एकच झाकण सगळ्यांना कसं बसेल? मग ते बुरडाचं काम कसलं, ते तर..."

बोलता बोलता ती थांबली. हातातली कामटी तशीच राहिली. तिनं दुसरं झाकण उचललं आणि उलटं केलं. उलटं झाकण म्हणजे एक पसरट टोपलंच. तिनं त्यात हात फिरवला.

"बाबा," ती म्हणाली, "आजचा दिवस थांबता?"

"गेलो काय, थांबलो काय, टोपली तर रिकामीच आहे," म्हातारा म्हणाला. "थांबतो."

बयनानं एक थोरलं झाकण आणि एक धाकटं झाकण डोक्यावर घेतलं आणि तडक दरबारात गेली. पहारेकरी हसले. "काय बयनाबाई, राजाला टोपी विणलीस काय?" बयना म्हणाली, "बसली तर बसली," आणि आत गेली.

राजा उदास बसला होता. प्रधान शेजारी उभा होता आणि नगरशेठ काही कामानं आला होता. बयना म्हणाली, "महाराज, बियाण्याचा कौल पुन्हा घ्या."

प्रधान म्हणाला, "कौल एकदाच होतो. एका प्रश्नाला दोन कौल नाहीत."

"मग प्रश्न बदला. काल आम्हाला 'द्यायचं का' असं कुणी विचारलंच नाही. 'पायली द्यायची का' असं विचारलं. द्यायचं आमच्याही मनात होतं. पायली नव्हती."

"सगळ्यांना एकच माप लावलं," प्रधान म्हणाला. "याहून न्याय तो कसला?"

बयनानं दोन्ही झाकणं राजापुढे उलटी ठेवली. एकात चार बाळं निजली असती, दुसऱ्यात एक मांजर जेमतेम मावलं असतं. "महाराज, आपल्या राज्यात कणगी जेवढी पोटाळ तेवढं तिचं झाकण रुंद. बुरडांची रीतच आहे ती. ज्यानं त्यानं आपल्या कणगीचं झाकण आणावं आणि ते भरून जोंधळा द्यावा. मोठ्या घरचं मोठं, लहान घरचं लहान. ज्याची कणगी रिकामी आहे त्यानं झाकण रिकामंच आणावं, लाजू नये. एवढंच विचारा लोकांना."

राजा पुढे वाकून झाकणांकडे पाहू लागला. प्रधानाला मात्र वेगळीच युक्ती सुचली. "झाकणं कशाला वाहायची? कुणाची कणगी केवढी, ते हिला ठाऊक आहेच. इथेच सांग बाई."

"ते मी सांगणार नाही," बयना म्हणाली.

"राजाची आज्ञा झाली तरी?"

बयनाला सासू आठवली. "तरीही नाही. कणगीचं पोट बुरडानं बाहेर सांगायचं नसतं. ज्याचं झाकण आहे त्यानंच ते उचलून आणावं."

राजानं दोन्ही झाकणं जवळ ओढली. मग म्हणाला, "प्रधानजी, प्रश्न बदला. उद्या कौल घ्या."

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन रांजण मांडले. या खेपेला गंमत झाली. खालची आळी आधी येऊन उभी राहिली आणि वरच्या आळीची पावलं जड झाली. ज्यांना परवा माणुसकीची सीमा दिसत नव्हती, त्यांना आज खिंडीतले दगड स्पष्ट दिसू लागले. "आधी पोटोबा मग विठोबा," असं एक जमीनदार हळूच म्हणाला. "आपल्याच राज्यात गरीब काय कमी आहेत?" असं दुसरा म्हणाला. ते गरीब त्याच्या समोरच रांगेत उभे होते आणि 'होय'च्या रांजणात चिंचोके टाकत होते. नगरशेठ आज पारावर चढला नाही.

बयनाची पाळी आली. म्हातारा दूत परवाच्याच जागी हात जोडून उभा होता. आज तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि चिंचोका वाजवून टाकला.

खरं सांगायचं तर वरच्या आळीतही सगळेच काही नगरशेठ नव्हते. कित्येकांनी मुकाट्यानं 'होय' म्हटलं. 'होय'चा रांजण भरून चिंचोके खाली सांडले. 'नाही'च्या रांजणात तळाशी थोडे होते, ते कुणाचे याची कुणी चौकशी केली नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी चौकात झाकणं आली. सकाळपासून रांग हलत होती. कोष्ट्याचं, कुंभाराचं, लोहाराचं, धाकटी धाकटी झाकणं काठोकाठ भरून येत होती. काही जण तर भरल्यावर वर आणखी एक मूठ टाकत. परवा ज्यांना पायली जड झाली होती, त्यांना आज ही मूठ जड नव्हती. खालच्या आळीच्या बाया नटूनथटून आल्या होत्या, जणू घरचंच कार्य होतं.

मग नगरशेठ आला. हातात एक लहानसं झाकण घेऊन, त्यात जोंधळा भरून, वर हळदकुंकू वाहून. त्यानं ते मोठ्या भक्तिभावानं खाली ठेवलं.

बयना तिथेच बसली होती. म्हणाली, "शेठ, वीण माझ्याच हातची आहे. पण हे कणगीचं झाकण नाही. यात तुमच्याकडे सांडगे वाळतात."

चौकात हसू फुटलं. शेठ गोरामोरा झाला. "मग कणगीचं केवढं आहे, तूच सांग सगळ्यांना," तो फणकाऱ्यानं म्हणाला.

"मी नाही सांगायची," बयना शांतपणे म्हणाली. "तुम्हीच दाखवा."

शेठ काही बोलणार तेवढ्यात मागून गलका झाला. शेठाणी येत होती. तिच्या मागे दोन गडी एक भलं थोरलं झाकण दोन्ही बाजूंनी धरून आणत होते, आणि त्याच्या मागे आणखी दोन गडी दुसरं. शेठ बायकोकडे पाहतच राहिला. ती म्हणाली, "सांडग्यांचं झाकण द्या इकडे. उद्या मला लागेल."

शेठाणी बयनापाशी आली. तेवढ्यात रांगेत एक म्हातारी पुढे आली. खालच्या आळीत एकटीच राहायची ती. तिचं झाकण रिकामं होतं. रिकामंच आणावं, लाजू नये, असं सांगितलेलं म्हणून तिनं आणलं होतं, पण आणताना पदराखाली झाकलं होतं. शेठाणीनं ते पाहिलं. ती खाली वाकली, आपल्या झाकणातला जोंधळा ओंजळी-ओंजळीनं म्हातारीच्या झाकणात भरला आणि म्हणाली, "यातलं मूठभर तिकडे टाका, बाकी घरी न्या." मग बयनाकडे न बघताच ती म्हणाली, "परवाचं माझं बोलणं मनात ठेवू नकोस."

बयना म्हणाली, "सूप नीट पाखडतंय ना?" आणि दोघी हसल्या.

रांग संपत आली. राजा सज्जातून सगळं पाहत होता. तेवढ्यात लोहार मोठ्यानं म्हणाला, "सगळ्यांची झाली. आता महाराजांचं झाकण कुठंय?"

लोक चमकून सज्जाकडे पाहू लागले. लोहारालाही आपण काय बोलून बसलो ते मागून कळलं. प्रधान पुढे आला. "राजाच्या कोठाराला कणगी नाही. ते दगडी कोठार आहे. त्याला झाकण नसतं, दार असतं."

सगळे बयनाकडे पाहू लागले. झाकणाची युक्ती तिची, तेव्हा उत्तरही तिनंच द्यायचं. नगरशेठाला बोलणं वेगळं आणि राजाला वेगळं. पण आता गप्प बसलं, तर सकाळपासून काठोकाठ भरलेल्या त्या सगळ्या धाकट्या झाकणांचा अपमान झाला असता. ती उठून उभी राहिली.

"महाराज, मी बुरडीण आहे, मला एवढंच ठाऊक आहे," ती म्हणाली. "जे बाजूला केल्याशिवाय धान्य दिसत नाही, ते झाकण."

राजा तिच्याकडे पाहत राहिला. मग तो सज्जातून आत गेला. लोकांना वाटलं, रागावला. बयनानं डोळे मिटले. पण राजा जिना उतरून खाली चौकात आला होता. लोहाराच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "छिन्नी-हातोडा आण. माझ्या कोठाराच्या बिजागऱ्या काढ."

सागवानी दार होतं ते, दोन पुरुष उंच. ते उतरवायला लोहाराला दुपार लागली आणि उचलायला सोळा माणसं लागली. आठ वरच्या आळीची, आठ खालच्या आळीची. खांद्याला खांदा लावून त्यांनी ते दोन गाड्यांवर आडवं टाकलं आणि त्याच्यावर जोंधळ्याची रास चढवली. रास एवढी झाली की खाली उभ्या माणसाला पलीकडचं वेशीचं दार दिसत नव्हतं. लोक टाळ्या वाजवत होते, आणि सगळ्यांत जोरात वाजवत होता प्रधान. एवढं मोठं माप आपल्याला कसं सुचलं नाही, याचं त्याला खरंच नवल वाटत होतं.

दसरा उजाडला. हत्ती निघाला, ढोल वाजू लागले. खिंडीखालच्या गावात ढोल ऐकू आले आणि नेहमीप्रमाणे दारं धडाधड लागली. तो म्हातारा शेतकरी सगळ्यांच्या पुढे धावत सुटला. त्याच्या वयाला ते शोभत नव्हतं, पण त्याला कोण अडवणार? गल्लीगल्लीतून तो ओरडत गेला, "दारं उघडा रे. त्यांनी त्यांच्या कोठाराचं दार काढून आणलंय."

हे काय बोलणं, म्हणून एकेक फट उघडली. मग एकेक दार उघडलं.

दगडांच्या रांगेपाशी राजा हत्तीवरून उतरला. तीन पावलं चालला. दरवर्षी राजा तिथून माघारी वळत असे. या खेपेला तो वळला नाही, चालतच राहिला. त्याच्या मागे दाराच्या गाड्या, त्यांच्या मागे झाकणं डोक्यावर घेतलेली दोन्ही आळ्यांची माणसं. दगडांवरून चाकं जाताना दोन-चार दगड घरंगळले आणि ते पुन्हा रांगेत लावायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

पलीकडच्या लोकांकडे द्यायला काही नव्हतं. टोळांनी आपट्याची झाडंही सोडली नव्हती. पण टोळधाडीनंतर त्या झाडांना नवी पालवी फुटली होती, बोटाच्या पेराएवढी. तीच कोवळी पानं आणून त्यांनी प्रत्येकाच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "सोनं घ्या."

वाटप सुरू झालं तेव्हा तिथली एक बुरडीण पुढे आली. बयनाच्या झाकणाची वीण तिनं बोटांनी चाचपली. "दुहेरी काठ घालतेस तू," ती म्हणाली. "आमच्याकडे एकेरी घालतात."

"एकेरी लवकर उसवतो," बयना म्हणाली. "बाबांचा उसवला होता."

"खरंय. दाखव मला." मग ती म्हणाली, "इथल्या कणग्या मीच विणल्यात. कुणाची किती, ते सांगणार नाही. पण कुठलं घर आधी घ्यायचं, ते दाखवते." बयनाला ती इतकी आपली वाटली की तिनं तिला तिथंच मिठी मारली. दोघी मिळून घरोघर फिरल्या, आणि जिथं कणगीचा तळ दिसत होता तिथं पहिलं बियाणं पडलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या रानांत तिफणी चालू झाल्या.

अलीकडच्या राजाचं कोठार त्यानंतर चार महिने बिनदाराचं होतं. एक दाणा चोरीला गेला नाही. माघात दार परत आलं, खिंडीतून सोळा माणसांच्या खांद्यावर, जोंधळ्याच्या कणसांनी लादलेलं. आठ माणसं तिकडची होती आणि आठ इकडची. त्या दिवशी चौकात दोन्ही आळ्यांनी एकत्र बसून हुरडा खाल्ला. नगरशेठानंही खाल्ला, आणि तो सगळ्यांना सांगत होता की झाकणाची कल्पना मुळात त्याला फार आवडली होती. बयनाची धाकटी नात त्याच्या शेजारीच बसली होती. खाऊन खाऊन तिचं पोट टम्म झालं आणि ती तिथेच झोपली. तिची मूठ उघडी होती.

तात्पर्य काय, तर 'गरिबाचं मन लहान' असं म्हणण्याआधी त्याच्यापुढे ठेवलेलं माप तपासून पाहावं. ज्याच्या त्याच्या कणगीप्रमाणे भार वाटला, तर लोक सीमेपलीकडच्यालाही आपला म्हणतात.